मेनूवर उरलेली कँटनीज

मालाड पश्चिमेला संध्याकाळी सातनंतर कुठल्याही नाक्यावर उभे राहा, लाल रंगाची चायनीजची गाडी दिसणार म्हणजे दिसणार. मेनू सगळीकडे सारखाच. हक्का नूडल्स, शेजवान राइस, चॉप सुई, वॉन्टन सूप, मंचुरियन ड्राय, शेवटी चायनीज भेळ. भेळ आपलीच, तिच्याबद्दल वाद नाही. मंचुरियनही आपलंच म्हणायला हरकत नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमाराला मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-हिरव्या मिरचीच्या फोडणीत सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घालून ते पहिल्यांदा केलं. मंचुरिया नावाच्या प्रदेशाशी त्याचा काही संबंध नाही.

बाकीचे शब्द मात्र चीनमधून आलेत. फक्त ते आज ज्याला आपण 'चायनीज भाषा' म्हणतो तिचे नाहीत. वॉन्टनला बीजिंगमध्ये 'हुनथुन' म्हणतात, डिम समला 'तिएनशिन', बोक चॉयला 'पायत्साय'. वोक नावाच्या कढईला तर तिथे रोजच्या बोलण्यात 'क्वो' हा निराळाच शब्द आहे. मालाडचा गाडीवाला, जो बहुतेक वेळा नेपाळचा किंवा उत्तर प्रदेशचा असतो, दिवसभर जे शब्द ओरडत असतो त्यांतले बरेच दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताचे, म्हणजे कँटनीज आहेत. आणि हक्का? हक्का हे नूडल्सच्या प्रकाराचं नाव नाही. ते एका समाजाचं आणि त्याच्या भाषेचं नाव आहे. अर्थ साधारण 'पाहुणी घरं'. उत्तरेकडून दक्षिणेत येऊन वसलेल्या लोकांना आधीच्या रहिवाशांनी दिलेलं नाव, पुढे त्यांनी स्वतःच स्वीकारलेलं. उद्या कोणी लंडनमध्ये 'अहिराणी पास्ता' विकायला लागलं आणि शंभर वर्षांनी लोकांना अहिराणी म्हणजे पास्त्याचा आकार वाटला, तर कसं होईल? तसंच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. या सगळ्यात शिरलो तो एका ड्रॉपडाउनमुळे. आमच्या अ‍ॅपमध्ये भाषा निवडायची यादी करायची होती. यादीत 'चायनीज, सोपी लिपी' आणि 'चायनीज, पारंपरिक लिपी' असे दोन पर्याय होते. पुढे ग्राहक-सेवेसाठी आवाजाचं काम आलं, म्हणजे फोनवर माणूस बोलणार आणि मशीनने समजून घ्यायचं, तेव्हा सिंगापूरच्या टीममधल्या सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "लिपी कळली, पण बोलणार कुठली?" आंतरराष्ट्रीय यादीत 'चायनीज' ही एक भाषा नाहीच, ती छत्री आहे. तिच्याखाली मँडरिनचा कोड 'सीएमएन', कँटनीज ज्या गटात येते त्याचा 'वाययूई', हक्काचा 'एचएके', होक्कियन-तेओच्यू गटाचा 'एनएएन'. यांतली एक बोलणाऱ्याला दुसरी कळत नाही. बोली-बोलींतला फरक म्हणावा तर मराठी आणि कोकणीतही इतकं अंतर नाही. कँटनीजच्या गटात आठ कोटींच्या आसपास लोक आहेत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. म्हणजे जवळजवळ अख्खी मराठी, एका ड्रॉपडाउनच्या पोटात गडप.

फरक कानाला कसा लागतो ते सांगतो. मँडरिनमध्ये चार सूर आहेत, कँटनीजमध्ये सहा. मँडरिनमधून शब्दांच्या शेवटचे प, त, क कधीच गळून गेले, कँटनीजने ते धरून ठेवले. दहाला बीजिंगमध्ये 'शी', हाँगकाँगमध्ये 'सप'. आठला 'पा' आणि 'पात'. देशाला 'क्वो' आणि 'क्वोक'. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या थांग काळातल्या कवितांची यमकं मँडरिनमध्ये वाचली तर बऱ्याच ठिकाणी मोडतात, कँटनीजमध्ये जुळतात. जाता जाता एक गंमत. हे सगळे उच्चार इंग्रजीपेक्षा देवनागरीत जास्त नीट लिहिता येतात. चिनी भाषांत प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा आपल्यासारखाच भेद आहे. रोमन लिपीत तो दाखवायला ब आणि ग ची अक्षरं उसनी घेतली, आणि आपण ती रोमन अक्षरं वाचून 'बीजिंग' लिहायला लागलो. खरा उच्चार 'पेइचिंग'च्या जवळचा आहे. जुनी मराठी वर्तमानपत्रं 'पेकिंग' लिहायची, ते तर आणखी जुन्या उच्चारावरून. कँटनीज माणूस आजही 'पाक-किंग' असंच काहीसं म्हणतो.

मग मुंबईत कँटनीज बोलणारी माणसं होती का? होती, आणि आहेत. थोडी.

गोरेगावहून सीएसएमटीकडे जाणारी हार्बरची गाडी पकडली की डॉकयार्ड रोडला उतरता येतं. तिथून चालत नवाब टँक रोडवर माझगावचं 'सी यिप' मंदिर आहे. १९१९ सालचं. बाहेरून साधं दुमजली घर वाटतं, लाल दार सोडलं तर. खाली करुणेची देवी क्वानयिन, वर सेनापती क्वान कुंग, तिसऱ्या शतकातला योद्धा, जो पुढे न्यायाचा आणि दिलेल्या शब्दाचा देव झाला. परमुलखात धंदा करणाऱ्या माणसाला दिलेल्या शब्दाचा देव लागणारच. चिनी नववर्षाला इथे गर्दी होते, एरवी शांतता.

सी यिप म्हणजे 'चार तालुके'. क्वांगतुंगमधले तायशान, खायपिंग, शिनहुई आणि अनपिंग. मँडरिनमध्ये याच शब्दाचा उच्चार 'स्स-ई' होतो. म्हणजे मंदिराच्या पाटीवर जे नाव आहे, ते एका ठरावीक बोलीचा आवाज घेऊन आलंय. हे चार तालुके डोंगराळ, जमीन कमी, समुद्र जवळ. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गासारखं. गिरणीत जायच्या ऐवजी त्यांची माणसं जहाजावर गेली. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर तिथे गेले ते बहुतांश याच चार तालुक्यांचे, अमेरिका आडवी जोडणाऱ्या रेल्वेवर डोंगर फोडले तेही हेच. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये शंभर वर्षं 'चायनीज बोलणं' याचा अर्थ तायशानची बोली बोलणं असाच होता. बीजिंगचा माणूस तिथे गेला असता तर त्याचीच भाषा परकी ठरली असती.

त्यांतलेच काही मुंबईच्या गोदीत उतरले. खलाशी, सुतार, खानसामे. रस्ता आधीच तयार होता. अठराव्या शतकाच्या शेवटापासून मुंबईहून कापूस आणि अफू कँटनला जात होती, तिकडून चहा आणि रेशीम येत होतं. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा चीनला जाऊन आले, त्यांची दौलत उभी राहिली ती याच व्यापारातून. पारशी बायकांचा गारा, ती भरतकामाची साडी, कँटनच्या कारागिरांची देन. हाँगकाँगमध्ये आजही मोदी रोड आहे, मुंबईहून गेलेल्या होर्मसजी मोदींच्या नावाचा. तिथलं विद्यापीठ उभं करायला त्यांनीच पैसे दिले होते. मुंबईचे पारशी तिकडे गेले, श्रीमंत होऊन रस्त्यांना नावं देऊन आले. तिकडचे खलाशी इकडे आले, शुक्लाजी स्ट्रीटच्या आजूबाजूला खोल्या घेऊन राहिले, आणि शहराच्या इतिहासात त्यांची नोंद 'अफूचे अड्डे' एवढीच राहिली. अफू मुळात कोणी कोणाला विकली होती, हे लक्षात घेतलं तर हे जरा जास्तच झालं.

मंदिरातल्या देवीचंही सांगायला हवं. क्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. बौद्ध धर्मासोबत चीनला गेला, काही शतकांत तिथे स्त्रीरूपात स्थिरावला. नावाचा चिनी अर्थ 'आवाज ऐकणारी', जगाचा आक्रोश ऐकून धावून येणारी. मालाडहून नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत अर्धा तास लागतो. आत कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यात अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर दगडात उभा आहे. त्याचंच एक रूप समुद्रमार्गे माझगावला आलं, तेही कँटनीज उच्चार घेऊन: 'क्वुन याम'.

माझगावचे सी यिप ही मुंबईतल्या चिनी लोकांची फक्त एक शाखा. जुन्या मुंबईत 'चायनीज डेंटिस्ट' अशा पाट्या असायच्या, ती मंडळी मुख्यतः हुबेई प्रांतातली. त्यांची बोली मँडरिनच्या कुळातली. कोलकात्याहून हॉटेलं आणि ब्यूटी पार्लर चालवायला आले त्यांत हक्का बरेच. कोलकात्याच्या टांगऱ्यात हक्का लोकांनी कातडी कमावण्याचे कारखाने उभे केले, कारण त्या धंद्याला सवर्ण हिंदू हात लावत नव्हते. म्हणजे चर्चगेटच्या कामलिंगमध्ये जेवायला गेलेल्या मुंबईकराला सगळे एकाच जातीचे 'चिनी' दिसायचे. प्रत्यक्षात हुबेईचा दाताचा डॉक्टर, सी यिपचा आचारी आणि हक्का पार्लरवाली आपापल्या घरची भाषा बोलले असते तर एकमेकांना अवाक्षर कळलं नसतं. तिसरी भाषा लागणारच. ती मुंबईत कुठली असणार हे सांगायला नको.

माझ्या मते मुंबईत कँटनीज टिकली नाही याचं अर्धं कारण इथेच आहे. कोलकात्यात वस्ती एकगठ्ठा होती, शाळा होत्या, चिनी वर्तमानपत्रं होती. तिथलं शेवटचं चिनी दैनिक १९६९ साली सुरू झालं आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडलं ते पुन्हा निघालं नाही. लिखित चिनी सगळ्यांची एकच, त्यामुळे एकच अंक हक्का आजोबा हक्कात वाचायचे आणि कँटनीज आजोबा कँटनीजमध्ये. मुंबईत माणसं गिऱ्हाइकाच्या मागे पांगली. कुलाब्यात हॉटेल, भायखळ्यात दवाखाना, उपनगरात पार्लर. मुलं जवळच्या इंग्रजी शाळेत. लग्नं हक्का-कँटनीज, चिनी-गोवन, चिनी-ईशान्येकडची अशी. त्यांच्या घरात मग कोणाची भाषा बोलायची?

उरलेलं अर्धं कारण १९६२. ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झालं, आणि त्याच महिन्यात निघालेल्या वटहुकमाने परदेशी नागरिकांचे कायदे चिनी वंशाच्या भारतीयांनाही लागू झाले. साधारण तीन हजार माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं. बहुतेक आसाम, दार्जिलिंग, उत्तर बंगालमधली, मुलं-म्हाताऱ्यांसकट. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. युद्ध एका महिन्यात संपलं होतं. दोन हजारांहून जास्त लोक मद्रास बंदरातून चिनी जहाजांवर बसून गेले, त्यांतल्या कित्येकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. बँक ऑफ चायनाची मुंबईची शाखा बंद झाली. जे राहिले त्यांच्यावर पोलिसांत हजेरी आणि परवानगीशिवाय प्रवास नाही, अशी बंधनं. अशा दिवसांत ट्रेनमध्ये बसलेली आई मुलाशी कुठल्या भाषेत बोलेल, याला इतिहासाचा पुरावा लागत नाही. भाषा मारायला बंदी घालावी लागत नाही. ती चारचौघांत बोलायची भीती वाटली की एका पिढीत काम होतं.

सिंगापूरमध्ये हेच काम भीतीशिवाय, अगदी शिस्तीत झालं. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी 'मँडरिन बोला' मोहीम काढली. तिथल्या चिनी लोकांत होक्कियन सर्वांत जास्त, मग तेओच्यू, कँटनीज, हक्का, हायनानी. मँडरिन घरी बोलणारे मूठभर. सरकारचं म्हणणं असं की मुलाला इंग्रजी शिकायचीच आहे, त्यात शाळेत मँडरिन आणि घरी तिसरीच बोली हा भार झेपणार नाही. टीव्हीवरच्या हाँगकाँगच्या कँटनीज मालिकांवर मँडरिन आवाज चढवले गेले, रेडिओवरचे बोलींतले कार्यक्रम आटले. सरकारी हिशेबाने मोहीम यशस्वी. २०१० च्या जनगणनेत घरी मुख्यतः चिनी बोली बोलणारे १४.३ टक्के होते, २०२० मध्ये ८.७. गंमत अशी की मँडरिनही ३० टक्क्यांच्या आत आली आणि इंग्रजी ४८.३ टक्क्यांवर गेली. आजीची भाषा काढून आईची बसवली, नातवाने दोन्ही सोडल्या.

तो सिंगापूरचा सहकारी घरी तेओच्यू. आजी बोलते ते सगळं कळतं, म्हणाला, पण उत्तर देता येत नाही. आजी मँडरिन टीव्ही बघून जेवढी शिकली तेवढ्यावर दोघांचं चालतं: जेवलास का, झोपलास का, पगार वाढला का. मी हसलो, कारण आमच्याकडे हेच आहे. माझी आजी सावंतवाडीकडची, मालाडला साठ वर्षं काढून तिची मालवणी जशीच्या तशी. "खय गेल्लंस?" ती विचारते, मी "ऑफिसला गेलो होतो" असं पुस्तकी सांगतो. तिच्याशी मालवणीत बोलायला गेलो की मला स्वतःचाच आवाज नाटकातला वाटतो, आणि ती हसते. माझी भाची मला इंग्रजीत उत्तर देते. आमच्यावर कोणी मोहीम काढली नव्हती. शाळेत 'शुद्ध बोला' म्हणायचे, तेवढं पुरलं. मढ, मार्वे, खारोडीच्या गावठाणांत ईस्ट इंडियन आणि कोळी घरांतही यापेक्षा फार वेगळं चित्र नसावं. जनगणनेच्या कागदावर मात्र आम्ही सगळे 'मराठी', जसे ते सगळे 'चायनीज'.

इथे एक हरकत घेतली जाते आणि ती पोकळ नाही. प्रमाणभाषा नसती तर एवढ्या मोठ्या देशात एकमेकांशी बोलायचं कसं? चीनने १९५६ मध्ये बीजिंगच्या उच्चारावर आधारलेली मँडरिन शाळांत सक्तीने न्यायला सुरुवात केली ती याचसाठी, आणि त्याचा गरिबातल्या गरीब मुलाला फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. मलाही प्रमाण मराठी आली म्हणून हा लेख लिहिता येतोय. पण २०१० मध्ये खुद्द कँटन शहरात, आताच्या क्वांगचौमध्ये, टीव्हीवरचे कार्यक्रम कँटनीजऐवजी मँडरिनमध्ये करायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्यांना मँडरिन येत नव्हती म्हणून नव्हे. उत्तम येत होती. दोन्ही हव्या होत्या, एवढंच.

हाँगकाँग नसतं तर कँटनीजचं काय झालं असतं, हा विचार करण्यासारखा आहे. सिनेमा, गाणी, मालिका, वर्तमानपत्रं, न्यायालय, विधिमंडळ, सगळं त्या भाषेत चालवणारं एक श्रीमंत शहर तिच्या वाट्याला आलं. हक्काला असं शहर मिळालं नाही, तायशानीला नाही. भाषेला शहर मिळणं हा केवढा मोठा योग आहे, हे मुंबईत राहणाऱ्या मराठी माणसाला मी काय सांगणार.

भाषा गेल्यावरही तिचा एक अवशेष राहतो: आडनाव. लिहिताना चिन्ह एकच, पण बंदरावरच्या गोऱ्या कारकुनाने जे ऐकलं ते स्पेलिंग झालं. बीजिंगचा 'छन', हाँगकाँगचा 'चान' आणि सिंगापूरचा 'तान', तिघांचं चिन्ह तेच. आणि बीजिंगमधला 'थान' रोमन लिपीत 'टॅन'च दिसतो, पण तो हाँगकाँगच्या 'थाम'चा भाऊ, सिंगापूरच्या तानशी त्याचं नातं नाही. डेटाबेसमध्ये दोघांचं स्पेलिंग तंतोतंत सारखं. नावांवरून डुप्लिकेट ग्राहक शोधणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमने या तान-थान मंडळींना एकाच ढिगात टाकलं होतं. पण ज्याला वाचता येतं त्याला स्पेलिंगवरून कळतं की या माणसाच्या पणजोबांनी जहाजातून उतरून आपलं नाव कुठल्या भाषेत सांगितलं होतं. घरी ती भाषा आता कोणाला येत नसली तरी.

उलट दिशेचं उदाहरण आपल्याकडे आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, चिनी शिकले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. चिनी लोक त्यांना 'ख ती-ह्वा' म्हणतात. कोटणीसमधला 'को' आणि शेवटी चीनचा 'ह्वा'. ही अक्षरं मँडरिन उच्चार धरून निवडली होती. तीच कँटनीजमध्ये वाचली तर 'ओ ताय-वा' होतं, कोटणीस पार नाहीसे. माझगावच्या एखाद्या म्हाताऱ्या सी यिप माणसाने हे नाव कागदावर वाचलं असतं तर त्याला हा आपल्या सोलापूरचा माणूस, हे आवाजावरून ओळखताच आलं नसतं.

१९६२ नंतर आणि मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत भारतातल्या हक्का आणि कँटनीज घरांतली पुष्कळ माणसं कॅनडाला गेली. टोरंटोत त्यांची हॉटेलं आहेत, आणि पाटीवर लिहिलेलं असतं 'हक्का चायनीज'. तिथे या शब्दाचा अर्थ आपल्या गाडीवरचा: चिली चिकन, मंचुरियन, हक्का नूडल्स. गिऱ्हाईक गुजराती, पंजाबी, तमिळ. शेजारच्या मोठ्या चिनी वस्तीत दुसऱ्या लाटेत आलेले हाँगकाँगवाले कँटनीज बोलतात, तिसऱ्या लाटेतले मँडरिन. आणि टांगऱ्याहून आलेला मालक स्वयंपाकघराच्या खिडकीत वाकून हिंदीत ओरडतो, दोन नंबरवर तिखट जास्त.